आपल्याला साजेसं लिबरल आर्ट्स कॉलेज शोधायला सुरुवात कुठून करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न विद्यार्थ्यांकडूनही येतात आणि पालकांकडूनही. त्यामुळे काही उत्तरं मुलांना उद्देशून आहेत, काही आईवडिलांना. सगळा विषय अमेरिकेतल्या कॉलेजांचा आहे. तिथे या प्रकारची दोनशेच्या आसपास कॉलेजं आहेत. ती सगळी पाहणं कुणाला शक्य नाही आणि तशी गरजही नाही.

लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे कलाशाखेचं कॉलेज का?

नाही. गणित, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स हे सगळं तिथे असतं, तत्त्वज्ञान आणि नाटकाच्या बरोबरीने. जेनिफर डाउडना यांना २०२० साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांची पदवी कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजची. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल वाटून घेणारे थॉमस चेक हे आयोवातल्या ग्रिनेलचे.

मोठ्या विद्यापीठाशी तुलना केली तर खरा फरक कामाच्या वाटणीत आहे. या कॉलेजांचं मुख्य काम म्हणजे चार वर्षांचं पदवी शिक्षण. विद्यार्थी साधारण एक ते तीन हजार. पीएचडी करणारे जवळपास नसतातच, त्यामुळे तास प्राध्यापक स्वतः घेतात, पेपरही तेच तपासतात आणि प्रयोगशाळेत हाताखाली माणूस हवा असेल तर पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीच घेतात. मेजर, म्हणजे मुख्य विषय, बहुतेक ठिकाणी दुसरं वर्ष संपेपर्यंत ठरवायचा असतो.

हे कुणाला मानवत नाही?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर तो पहिला असायला हवा. बारा जणांच्या वर्गात न वाचता जाऊन मागे बसता येत नाही. तुम्ही नाही आलात तर प्राध्यापकांना कळतं. ज्याला गर्दीत हरवून जाऊन आपल्या तंद्रीत शिकायला आवडतं, त्याला हे जाचतं. ज्याला एकाच विषयात खूप लवकर खूप खोल जायचं आहे, पदवीतच पीएचडीच्या पातळीचे कोर्स घ्यायचे आहेत, त्यालाही मोठं विद्यापीठ बरं. नर्सिंग, आर्किटेक्चरसारखी व्यावसायिक पदवी हवी असेल तर बहुतेक लिबरल आर्ट्स कॉलेजांत ती मिळणारच नाही.

आणि दीड हजारांच्या कॅम्पसवर ज्याच्याशी भांडण झालं तो रोज मेसमध्ये समोर येतो. तेही धरून चला.

मग शोध नेमका कुठून सुरू करायचा? नावांच्या यादीपासून?

नावं नंतर. आधी एक कोरा कागद घ्या आणि गेल्या दोन वर्षांत तुम्ही मनापासून केलेल्या अभ्यासाबद्दल लिहा. कोणता विषय, एवढंच नको. तो *कसा* केलात ते लिहा. एकट्याने पुस्तक घेऊन बसलात, की चौघांशी वाद घालताना डोक्यात शिरलं? लांबलचक एक प्रोजेक्ट आवडला, की रोज थोडं थोडं? परीक्षेची तारीख जवळ आल्याशिवाय हात हलत नाही का? लिहिण्यातून कळतं की करण्यातून?

हे लिहायला सांगितलं की मुलं कंटाळतात, कारण त्यांना कॉलेजांची नावं हवी असतात. पण याची उत्तरं असल्याशिवाय पुढच्या प्रश्नाला अर्थ येत नाही.

सगळी कॉलेजं वेबसाइटवर सारखीच दिसतात. लाल विटा, हिरवळ, हसरी मुलं. फरक कसा करायचा?

फोटो सोडा, शिकवण्याची रचना बघा. वेगळेपण तिथे असतं, आणि ते फार मोठं असतं.

कोलोरॅडो कॉलेजमध्ये १९७० पासून 'ब्लॉक प्लॅन' आहे. एका वेळी एकच कोर्स, साडेतीन आठवडे. तो संपला की दुसरा. भूगर्भशास्त्राचा वर्ग उठून आठवडाभर डोंगरात जाऊ शकतो, कारण बुडायला दुसरा तासच नाही. पण मधेच चार दिवस तापाने पडलात तर कोर्सचा मोठा तुकडा गेला. मिनेसोटातल्या कार्लटनमध्ये दहा आठवड्यांच्या तीन टर्म असतात. तिथला वेग वेगळा, दमछाक वेगळी.

मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सचे 'ट्युटोरियल' असे चालतात: दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. या आठवड्यात एकाने निबंध लिहून आणायचा, दुसऱ्याने त्याची चिरफाड करायची. पुढच्या आठवड्यात उलट. वादातून शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा सापडणं कठीण. लाजाळू मुलाला पहिले तीन आठवडे घाम फुटेल, मग कदाचित मजा येईल.

ओरेगॉनमधल्या रीडमध्ये सगळ्यांना शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावाच लागतो. आणि काम ठीक चाललेलं असेल तर ग्रेड तुम्हाला आपणहून सांगतच नाहीत. नोंदल्या जातात, मागितल्या तर कळतात. ओहायोतल्या कॉलेज ऑफ वूस्टरमध्येही प्रत्येकाला शेवटच्या वर्षी स्वतंत्र संशोधन करावं लागतं. लांब पल्ल्याचं एकच काम ज्यांना आवडतं त्यांनी ही दोन्ही बघावीत.

सक्तीचे विषय किती, हा आणखी एक फरक. अ‍ॅम्हर्स्ट आणि ग्रिनेल इथे पहिल्या वर्षाचा एक सेमिनार सोडला तर सर्वांसाठी सक्तीचं जवळपास काही नाही. आपला अभ्यासक्रम आपण, सल्लागार प्राध्यापकाशी बोलून रचायचा. दुसऱ्या टोकाला सेंट जॉन्स कॉलेज, ॲनापोलिस आणि सँटा फे इथलं: १९३७ पासून सगळ्यांना एकच अभ्यासक्रम, मूळ ग्रंथ वाचून चर्चा, मेजर नावाची गोष्टच नाही. हॅव्हरफर्डमध्ये विद्यार्थ्यांनीच चालवलेली 'ऑनर कोड' पद्धत आहे, परीक्षेला वर्गात पर्यवेक्षक नसतो.

आता मघाचा कागद काढा आणि यांच्याशेजारी ठेवा. लगेच काही नावं गळतील.

रँकिंग बघायचं की नाही?

बघा, पण उशिरा. पहिल्या क्रमांकात आणि अकराव्यात तुमच्या दृष्टीने काय फरक आहे हे रँकिंग सांगत नाही. रीडने १९९५ पासून एका प्रसिद्ध क्रमवारीला माहिती देणंच बंद केलं. त्याने तिथलं शिकवणं काही बिघडलं नाही.

मग खरी माहिती कुठे असते?

'कॉमन डेटा सेट' नावाचं एक रूक्ष कागदपत्र बहुतेक कॉलेजं दरवर्षी स्वतःच्या वेबसाइटवर टाकतात. कॉलेजचं नाव आणि हे तीन शब्द शोधले की सापडतं. तीस-पस्तीस पानं, नुसती कोष्टकं. सगळं वाचू नका. मी चार ठिकाणी थांबतो.

'सी ७' या कोष्टकात कॉलेज स्वतः सांगतं की प्रवेश देताना कशाला किती वजन: शाळेतले मार्क, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत. त्यातच एक ओळ असते, अर्जदाराने कॉलेजमध्ये किती रस दाखवला याची. तिथे 'महत्त्वाचं' असं लिहिलेलं असेल, तर त्यांच्या ऑनलाइन माहितीसत्रांना हजर राहणं, इमेल उघडणं यालाही मोल आहे. 'विचारात घेत नाही' असेल तर उगाच दर आठवड्याला पत्र लिहून अ‍ॅडमिशन ऑफिसला पिडू नका.

'बी' विभागात दोन आकडे बघा: पहिल्या वर्षानंतर किती विद्यार्थी परत आले, आणि सहा वर्षांत किती जणांची पदवी पूर्ण झाली. पहिला आकडा कमी असेल तर मुलं तिथून का पळतात, हे विचारायलाच हवं.

'आय' विभागात वर्गांचे आकार असतात. माहितीपुस्तिकेतली सरासरी फसवी असते, कारण पाच जणांच्या दहा वर्गांनी ती खाली येते आणि तुम्हाला हवा तो अर्थशास्त्राचा पहिला कोर्स मात्र चाळीसचा असतो. 'एच' विभागात आर्थिक मदत. त्यातल्या 'एच ६' मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना आणि सरासरी किती रक्कम मिळाली, हे थेट लिहिलेलं असतं. अर्ज भरण्याआधी हा एक आकडा वाचला तर अनेक घरांतला मार्च महिन्यातला मनस्ताप वाचेल.

माझा विषय तिथे आहे की नाही हे कसं बघायचं? वेबसाइटवर तर सगळेच विषय दिसतात.

विषयांच्या यादीवर विश्वास ठेवू नका, वेळापत्रक उघडा. कॅटलॉग म्हणजे कॉलेज जे शिकवू शकतं ते. वेळापत्रक म्हणजे या सत्रात जे खरोखर शिकवलं जातंय ते.

समजा तुम्हाला भाषाशास्त्र हवंय. कॅटलॉगमध्ये अठरा कोर्स छान मांडलेले. वेळापत्रकात या सत्रात चारच. त्यातले दोन प्राथमिक. ध्वनिशास्त्राच्या पुढे 'एक वर्षाआड' असं लिहिलंय. मग विभागाच्या पानावर जा आणि शिकवणारे मोजा: कायमचे प्राध्यापक दोन, त्यातल्या एकाच्या नावापुढे 'रजेवर'. म्हणजे तुम्ही तिसऱ्या वर्षाला याल तेव्हा मेजर पूर्ण करायला लागणारा कोर्स असेलच याची खात्री नाही. सलग चार सत्रांची वेळापत्रकं अशी वाचली की विभागाचा जीव किती ते कळतं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कॅम्पस टूरपेक्षा जास्त सांगून जातं.

शेजारी कॉलेजं असतील तर ही उणीव भरून निघते. क्लेअरमाँटमध्ये पोमोना, स्क्रिप्स, पिट्झर, हार्वी मड आणि क्लेअरमाँट मकेना ही पाच पदवी कॉलेजं भिंतीला भिंत लागून आहेत, एकमेकांकडचे कोर्स घेता येतात. फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅव्हरफर्ड आणि स्वार्थमोर यांचं तसंच नातं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅम्हर्स्ट, स्मिथ आणि माउंट होल्योक यांच्या विद्यार्थ्यांना जवळच्या राज्य विद्यापीठातही कोर्स घेता येतात.

पैशांचं काय? वर्षाला ऐंशी-नव्वद हजार डॉलर हा आकडा खरा आहे?

नामांकित खासगी कॉलेजांत राहणं-खाणं धरून छापील आकडा तिथेच, काही ठिकाणी त्याच्याही वर आहे. पण छापील आकडा सगळेच भरत नाहीत. म्हणूनच पैशांचं बोलणं यादी करण्याआधी, घरात सगळ्यांनी बसून, आकडा उच्चारून व्हायला हवं. 'बघू, काहीतरी करू' असं म्हणणारे आईवडील मुलावर प्रेम करतात, पण एप्रिलमध्ये त्याच मुलाला नकार कळवायला लावतात.

मदतीचे दोन प्रकार. एक, घरच्या परिस्थितीनुसार. दोन, गुणवत्तेनुसार. अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स यांसारखी कॉलेजं फक्त पहिल्या प्रकारची मदत देतात. तुम्ही कितीही हुशार असलात तरी उत्पन्न भरपूर असेल तर एक डॉलर सुटणार नाही. उलट डेनिसन, वूस्टर, ग्रिनेल यांसारखी अनेक कॉलेजं गुणवत्तेवरही शिष्यवृत्ती देतात. ज्यांना परिस्थितीच्या हिशोबाने मदत बसत नाही आणि पूर्ण फी झेपतही नाही, अशा मधल्या घरांनी दुसऱ्या गटातच जास्त वेळ घालवावा.

अमेरिकन कॉलेजांच्या वेबसाइटवर २०११ पासून 'नेट प्राइस कॅल्क्युलेटर' असणं कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्न, बचत, घरातली माणसं भरा, अंदाजी रक्कम येते. मात्र ते मुख्यतः अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेलं असतं. बाहेरून अर्ज करणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये, 'एच ६' बघावं आणि अ‍ॅडमिशन ऑफिसला सरळ इमेल करावी.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट निर्णायक असते. मदत मागितल्याने प्रवेशाच्या निर्णयावर परिणाम होतो का? अ‍ॅम्हर्स्ट आणि बोडन इथे होत नाही, आणि प्रवेश मिळाला तर ठरलेली गरज पूर्ण भागवतात. पण अशी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीचा आकडा निर्णयात धरला जातो, म्हणून स्पर्धा तीव्र होते. केंटकीतलं बेरीया कॉलेज हा अगदी वेगळा नमुना आहे. तिथे शिकवणी फीच नाही, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास कॉलेजमध्ये काम करावं लागतं.

खासगीच हवं असंही नाही. सेंट मेरीज कॉलेज ऑफ मेरीलँड, मिनेसोटा विद्यापीठाचा मॉरिस कॅम्पस, मिसूरीतलं ट्रुमन स्टेट ही सरकारी आहेत, स्वभाव लिबरल आर्ट्सचाच, आणि फी बरीच कमी.

इंजिनिअरिंग करायचं असेल तर हा रस्ता बंदच ना?

बंद नाही, अरुंद आहे. स्वार्थमोर, हार्वी मड, स्मिथ, लाफायेट, युनियन इथे इंजिनिअरिंगची पदवी मिळते. बऱ्याच ठिकाणी 'थ्री-टू' योजना असते: तीन वर्षं इथे, दोन वर्षं एखाद्या मोठ्या विद्यापीठात, शेवटी दोन पदव्या. कागदावर सुंदर. पण चौथ्या वर्षी मित्र, प्राध्यापक, कॅम्पस सोडून जायचं असतं आणि दुसऱ्या संस्थेत आर्थिक मदत मिळेलच याची हमी नसते. आतापर्यंत किती विद्यार्थी प्रत्यक्ष गेले, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

नातेवाइकांनी कॉलेजचं नावही ऐकलेलं नाही. नोकरीत अडचण येईल?

नातेवाईक नोकरी देणार नसतील तर सोडून द्या. प्रश्न मात्र योग्य आहे, फक्त तो कॉलेजच्या करिअर ऑफिसला विचारा: माझ्या विषयातून गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुलं आज कुठे आहेत, आणि उन्हाळ्यातल्या बिनपगारी इंटर्नशिपसाठी तुम्ही पैसे देता का? कॉलेज लहान म्हणजे कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या कमी, हे खरं. त्या बदल्यात माजी विद्यार्थी इमेलला उत्तर देतात.

परदेशी विद्यार्थ्यांनी आणखी एक तपासावं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर बारा महिने काम करता येतं, आणि सरकारच्या यादीतल्या विज्ञान-तंत्रज्ञान विषयांना आणखी चोवीस. अर्थशास्त्र हा विषय काही कॉलेजं या यादीत बसेल अशा वर्गात नोंदवतात, काही नाही. नाव एकच, परिणाम दोन वर्षांचा. रजिस्ट्रार ऑफिस एका ओळीत सांगतं.

गाव की शहर?

केनियन ज्या गॅम्बियरमध्ये आहे ते खेडं आहे. मॅकलेस्टर सेंट पॉल शहरात, बर्नार्ड न्यूयॉर्कमध्ये, ऑक्सिडेंटल लॉस एंजेलिसमध्ये. खेड्यात सगळं आयुष्य कॅम्पसवर, मैत्री घट्ट, फेब्रुवारी लांब. विमानतळ किती तासांवर आणि सुट्टीत मेस चालू असते का, हे दोन प्रश्न घरापासून दूर राहणाऱ्याने विसरू नयेत.

फक्त मुलींची कॉलेजं यादीत ठेवायची का?

ठेवा. स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर, वेल्स्ली, बर्नार्ड ही नावं केवळ त्या एका कारणासाठी खोडणं म्हणजे चांगला माल न बघता परत करणं.

प्रत्यक्ष जाऊन बघणं परवडत नाही. मग?

न बघता निवडणारे पुष्कळ असतात. अ‍ॅडमिशन ऑफिसकडे तुमच्या विषयाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलणं करून मागा. बोलताना 'कॉलेज कसं आहे' विचारलंत तर 'मस्त' हेच उत्तर येईल. 'गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय केलंस' असं विचारा. कॅम्पसचं विद्यार्थी वर्तमानपत्र ऑनलाइन वाचा, निदान एक पूर्ण सत्राचं. घरांची टंचाई, मेसची भांडणं, कुठल्या विभागाची कपात, सगळं तिथे निघतं.

सॅट लागते का?

सॅट म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची प्रमाणित परीक्षा. बोडनने १९६९ मध्येच ती ऐच्छिक केली. बाकीच्यांची धोरणं गेल्या काही वर्षांत पुढेमागे होत आहेत, म्हणून अर्जाच्या वर्षी कॉलेजच्याच पानावर बघा, जुन्या याद्यांवर नको.

अर्ली डिसिजनने अर्ज करावा का?

तो करार आहे: प्रवेश मिळाला तर यायचंच, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. मुदत साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्यावर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. बरीच कॉलेजं जानेवारीत दुसरी फेरी घेतात. मदत पुरेशी मिळाली नाही तर सुटका होते, पण इतर ठिकाणच्या मदतीशी तुलना करण्याची संधी गेलेली असते. ज्यांना चार ऑफर समोर ठेवून निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी नेहमीच्या फेरीत अर्ज करावा. तिचे निकाल मार्चअखेर येतात आणि उत्तर १ मेपर्यंत द्यायचं असतं.

यादीत किती कॉलेजं ठेवावीत?

आठ ते दहा. त्यात निदान दोन अशी हवीत जिथे प्रवेशही बहुधा मिळेल, पैसेही झेपतील आणि तुम्ही जायला खरोखर तयार असाल. यातलं तिसरं नेहमी राहून जातं. जिथे जायचंच नाही ते 'सुरक्षित' कॉलेज म्हणजे वाया गेलेला निबंध.

लहान कॉलेजं बंद पडतायत असं ऐकतो. भीती बाळगावी का?

चौकशी करावी. २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न ही दोन जुनी कॉलेजं बंद झाली. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायरने २०१५ मध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं होतं, माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून आणि कोर्टात लढून ते वाचवलं. विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट, पोमोना यांच्याकडे दोन अब्ज डॉलरहून मोठा निधी आहे, तिथे ही काळजी नको. कमी प्रसिद्ध कॉलेजच्या बाबतीत तीन गोष्टी बघा: पाच वर्षांत विद्यार्थिसंख्या सतत घसरतेय का, विभाग बंद केले जातायत का, आणि मान्यता देणाऱ्या संस्थेने इशारा दिलाय का. इशाऱ्याची नोंद मान्यता संस्थेच्या वेबसाइटवर जाहीर असते. कॉलेजच्या पानावर ती शोधत बसू नका.